कोय धरली का

रंजीताची बॅग मी भरली, कारण तिला भरता येत नाही. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही म्हणाल, सोमारीच्या पोटात दुखत होतं. दुखत होतंच. तरी बॅग मीच भरली.

रंजीता माझी सख्खी धाकटी बहीण, आणि माझी जाऊसुद्धा. मला लच्छू गायत्याच्या थोरल्या मुलाला, सुनिलला दिलं. पुढे धाकट्या चंदनसाठी मुलगी बघायची वेळ आली तेव्हा मीच तोंड उघडलं आणि हिला या घरात आणली. आपल्याच हाताने आणलेली, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? माहेरी ती आईची लाडकी होती. इथे आली आणि सगळ्यांची झाली. मी एवढी वर्षं ज्या घरात राबले तिथे तिने नुसतं हसून जागा केली.

अहेरीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून बरंच आत आमचं गाव. गावाच्या तळ्याकाठी एका संस्थेने तंबू टाकलेत. थंडीत शहरातली माणसं येऊन राहतात. आम्ही बायका त्यांना रांधून घालतो, जंगलात फिरवून आणतो. यंदा संस्थेने ठरवलं की बायकांना हिमालयात न्यायचं, डोंगरावर तंबूत कसं राहतात आणि लोकांना कसं ठेवतात ते शिकवायचं. एका घरातून एकच. बैठकीत माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. रंजीताचा नंतर गेला, तोही अर्धाच.

घरी आल्यावर मामाजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, निकाल दिला.

"रंजीता जाईल. तिले लेकरू नाई, अन् बारावी शिकली आहे."

माझी पुनम आश्रमशाळेत राहते, सणासुदीला घरी येते. तिच्यामुळे माझं काय अडणार होतं? पण मामाजी बोलले की आमच्या घरात पुढे कुणी बोलत नाही. सुनिल तर मुळीच नाही. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बैल सोडायला निघून गेला.

मोहफुलं वेचायचे दिवस संपत आले होते तेव्हा अहेरीहून बसने रंजीताचं सामान आलं. एक मोठी निळी बॅग, बूट, लोकरीची टोपी, कपाळाला बांधायची बत्ती, आणि एक गुंडाळी, जिच्यात शिरून झोपायचं असतं. गाव लोटलं बघायला. धुरपता म्हातारीने बुटात हात घालून आतली लोकर चाचपली आणि म्हणाली, "इतलं नरम? हे तं डोक्याखाली घ्याचं दिसते." सगळ्या हसल्या. मीही हसले. हसताना दात इतके दाबले की दाढ दुखायला लागली.

रंजीता बॅग भरायला बसली ती अशी: तळाशी टोप्या आणि मोजे, त्यावर कपडे, आणि सगळ्यांत वर बूट, औषधाचा डबा, ताटली, पेला. पाठीला लावून उभी राहिली ती मागे झुकून भिंतीवरच आदळली. मला राहवेना. आम्ही तेंदूपानं तोडायच्या दिवसांत डोंगरात मुक्कामाला जातो तेव्हा ओझं कसं बांधायचं हे मी सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी शिकले. वजन पाठीजवळ आणि मधोमध हवं. हलकं खाली आणि बाहेर. जे वाटेत लागणार ते वर.

"उठ," मी म्हटलं. "सरक तिकडे."

"बाई, तू भरून देशीन?" थोरली म्हणून ती मला बाई म्हणते. तिचा चेहरा असा उजळला की मला आणखीच राग आला. तिला कधी कळतच नाही, समोरच्याला राग आलाय म्हणून.

मी सगळं उलटं केलं आणि पहिल्यापासून भरलं. ती पुढ्यात बसून मोबाईलवर डोंगराचे फोटो दाखवत होती. हा बर्फ पाह्य बाई, हे तंबू पाह्य, पहाटे टेकडीवर चढून सूर्य बघायचा मनते. मी मान न वळवता मोजे कोंबत होते. त्या फोटोंतली प्रत्येक जागा मी आधीच पाहून ठेवली होती. संस्थेच्या बाईंनी मोबाईलच्या गटावर टाकले होते तेव्हाच, एकेक बोटाने मोठा करून. त्यातल्या एका तंबूच्या दारात मी स्वतःला बसवूनही पाहिलं होतं, हातात चहा घेऊन. आता तिथे रंजीता बसणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बोअरिंगवर कपडे धुवायला गेली. घरात कुणी नव्हतं. मी ती झोपायची गुंडाळी काढली, जमिनीवर पसरली आणि आत शिरले. आमच्याकडच्या एप्रिलमधली भर दुपार, वर पत्रा, आणि मी बर्फातल्या पांघरुणात. चेन गळ्यापर्यंत ओढली. जिवाची लाही होत होती. पण मला बघायचं होतं, तिला आत कसं वाटणार ते. मऊ होतं. फार मऊ होतं. डोळे मिटून मी म्हटलं, बाहेर बर्फ आहे. आणि खरंच, घटकाभर वाटलंही तसं.

मग बाहेर काठी वाजली. मामाजी. मी चेन ओढायला गेले तर ती कापडात अडकली. मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना जमिनीवर नुसतं निळं काहीतरी वळवळताना दिसलं असणार. ते दारातच थांबले.

"कोन आहे?"

"मी आहो, मामाजी. सोमारी."

"खाली काय करून राह्यली?"

"बॅग भरून राह्यली."

मी घामाने निथळत त्या गुंडाळीत आडवी, आणि समोर सासरा काठीवर हनुवटी टेकून उभा. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझा घाम जागच्या जागी थिजला.

"जा, आंब्याखाली जाऊन ये. एक फळ काप अन् पाह्य, कोय धरली का. धरली असंल तं पंडुम लवकर करून टाकू. रंजीताले खुला वाळवून न्याच्या आहेत."

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नवं फळ, नवं धान्य आधी भुईला आणि आमच्या देवांना, गेलेल्या माणसांना द्यायचं, मग आपण खायचं. त्या दिवसाला आम्ही पंडुम म्हणतो. आंब्याचा पंडुम होईपर्यंत गावात कुणी कैरी दाताला लावत नाही. वाऱ्याने पडलेलीसुद्धा नाही, लेकरंसुद्धा नाही. आणि कैरीत कोय धरल्याशिवाय पंडुम होत नाही. दिवस गायता ठरवतो. गायता म्हणजे गावाचा पुजारी, आणि आमचे मामाजी गावाचे गायता.

संस्थेचा निरोप होता की डोंगरावर शेवटच्या संध्याकाळी प्रत्येकीने आपल्या घरचं काहीतरी खाऊ घालायचं. रंजीता म्हणाली होती, मी आंब्याच्या खुला नेईन. कैरीच्या फोडी मीठ लावून उन्हात वाळवल्या की त्याला खुला म्हणतात. गेल्या वर्षीच्या संपल्या. नव्या करायच्या तर कैरी चिरावी लागणार, आणि चिरून झाली की रंजीता चाखल्याशिवाय राहणार नाही. म्हणून पंडुम आधी हवा. ती हे सहज बोलली होती, ताटावर बसल्या बसल्या. आणि मामाजींनी ते उचललं.

आता माझं ऐका. पुनम पोटात होती तेव्हा मला तिसरा महिना होता आणि हेच दिवस होते. कैरीशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. अंगणात उभी राहिले की आंब्याखाली पडलेली फळं दिसत, आणि तोंडाला इतकं पाणी सुटायचं की पदर लावावा लागायचा. मी चिंच चाटली. चुलीची माती खाल्ली. सासऱ्याशी बोलायची तेव्हा माझी टाप नव्हती, म्हणून सुनिलला पाठवलं. पंडुम चार दिवस आधी होईल का, एवढंच विचार, म्हटलं. मामाजी ओसरीवर दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोय धरली नाई," म्हणाले, आणि दोरी वळत राहिले.

त्या वर्षी पंडुम फार उशिरा झाला. तोवर माझे डोहाळे सरून गेले होते. पंडुमाची फोड तोंडात घातली आणि उलटी झाली. मी कुणाला दोष दिला नाही. कोय धरली नाही तर गायता काय करणार, झाड कुणाचं ऐकतं का, असं म्हणून गप्प बसले. पण तेव्हा त्यांनी नुसती मान वर करून पाहिलं असतं तरी मला चाललं असतं. आणि आता रंजीताच्या खुलांसाठी मला झाडाखाली पिटाळत होते.

कशीबशी त्या गुंडाळीतून सुटले आणि विळा घेऊन गेले.

आंबा घरामागेच आहे. खाली पाचोळ्यात फळं पडलेली होती. एक चांगलं भरलेलं उचललं, विळा पायाखाली धरला आणि फळ दाबलं. अर्ध्यात विळा अडला. जोर लावला तेव्हा कट्ट आवाज झाला आणि दोन फाका पडल्या. मधोमध पांढरी, घट्ट कोय. शंकाच नको. वासाने माझे गाल आत ओढले गेले. इतक्या वर्षांनीही.

मी तिथे बसून राहिले. मला समोर दिसत होतं: उद्या गावात सांगतील, पंडुम होईल, रंजीता अंगणात बसून मीठ लावील, फोडी चाखील, सगळे कौतुकाने बघतील. गायत्याने सुनेसाठी तिथी अलीकडे ओढली. मग ती निघेल, बल्लारशाहून गाडी धरील, आणि डोंगरावर शेकोटीजवळ म्हणेल, हे आमच्या घरचं. बॅग तिची, डोंगर तिचा, सासरा तिचा. आता आंबाही तिचाच.

मी परत आले तेव्हा रंजीता बोअरिंगवरून आलेली होती, दोरीवर कपडे टाकत होती. चंदन ओसरीवर पाणी पीत होता. मामाजी खाटेवर बसले होते.

"काय?" त्यांनी विचारलं.

"नाई धरली," मी म्हटलं.

तोंडातून निघालं आणि मला वाटलं, आता जीभ तरी अडखळेल. अडखळली नाही.

"आन इकडं."

मी फाका त्यांच्या हातात दिल्या. दुसरं करणार तरी काय? मामाजींना दिसत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांचे हात मी विसरले होते. त्यांनी एक फाक तळहातावर घेतली आणि अंगठा मधोमध फिरवला. एकदा. मग नख टेकवलं. नख आत गेलं नाही. मला ते दिसलं. आता चारचौघांत हा माणूस मला खोटारडी म्हणणार, तेही देवाच्या कामात, तेही बहिणीसमोर.

मामाजींनी फाका बाजूला ठेवल्या.

"सोमारी मनते नाई धरली," ते म्हणाले. "तं नाई."

दोरीवर टाकायचं लुगडं तसंच हातात धरून रंजीता क्षणभर थांबली. "जाऊ द्या मामाजी," ती म्हणाली. "मी जवसाची चटणी नेईन. ते बी चांगलीच लागते." आणि हसली. पण आत जाताना तिने पाठमोरीच डोळे पुसले. मी बघितलं. मला बरं वाटायला हवं होतं ना? वाटलं नाही.

चंदन बैलांकडे गेला. मी निघाले तर मामाजी म्हणाले, "बस."

मी जमिनीवर बसले.

"धरली आहे," ते हळूच म्हणाले.

मी विळा पदराने पुसत राहिले.

"काऊन बोलली खोटं?"

मग माझा बांध फुटला. रीतभात सगळी बाजूला राहिली. "तुमी तिच्यासाठी पंडुम आधी करता, मामाजी. माह्या पोटात लेकरू होतं तं तुमी मान वर करून पाह्यले नाई. मी माती खाल्ली. तिले फक्त सोबत न्याच्या आहेत खुला, अन् मले तुमी झाडाखाली धाडता. मी माणूस नाई का या घरातली?"

ते बराच वेळ काठीच्या टोकाने जमीन उकरत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. या घरात असं कुणी त्यांना बोललं नव्हतं.

"तवा बी धरली होती," मामाजी म्हणाले.

मला आधी समजलंच नाही.

"सुनिल इचाराले आला त्याच्या आधीच मी पाह्यलो होतो. सकाळीच कापून पाह्यलो. धरली होती. मी तवा नवाच गायता झालो होतो, माह्या बापाच्या जागी. गाव मनलं असतं, गायत्याच्या घरी सुनेची जीभ तिथी ठरवते. मनून मी नाई मनलो. अन् मंग एकदा नाई मनलो तं आनखी उशीर केलो, कोनाले शंका नको मनून."

पुढे ते असंही म्हणाले, की प्रत्येक वर्षी पंडुमाच्या वेळी ते त्यांच्या मनात येतं. रंजीताने खुलांचं नाव काढलं तेव्हाही आलं. या खेपेला नाही म्हणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

मला काय वाटलं ते सांगते, सरळ सांगते. मला दया आली नाही. मी इतकी वर्षं झाडाला बोल लावला, माझ्या नशिबाला लावला. आणि नकार या माणसाचा होता. तेही एक वेळ गिळलं असतं. पण त्यांच्या मनात माझ्याबद्दल जे होतं, जे माझं होतं, ते त्यांनी उचलून रंजीताच्या पदरात टाकलं होतं. माझ्या डोहाळ्यांची भरपाईसुद्धा तिलाच. देताना त्यांना मी आठवले, पण हाक मात्र तिला मारली.

"हे तिच्यासमोर सांगा," मी म्हटलं.

"कोनाच्या?"

"रंजीताच्या. तुमी मले सांगतलं तसंच सांगा. नाईतर मी गावाले सांगीन, का कोय तवा बी धरली होती."

हे बोलताना मी उभी होते, सासऱ्याच्या डोक्यावर. मामाजींनी काठी टेकली आणि उठायला लागले. मी हात दिला नाही. ते आपले आपण उठले, भिंत धरत आतल्या दारापर्यंत गेले. मी मागून गेले.

रंजीता निळ्या बॅगेशेजारी बसली होती. मी भरलेल्या बॅगेतलं काही तिने हलवलं नव्हतं, नुसते वरचे पट्टे आवळत होती. आवळले जात नव्हते.

"पोरी," मामाजी म्हणाले, "मी हात लावून पाह्यलो. कोय धरली आहे. सोमारीच्या नजरेतून सुटलं असंल. परवा पंडुम करू."

माझं खोटं त्यांनी असं झाकून टाकलं. मला ते नको होतं, पण मी तोंड उघडलं नाही. रंजीताचा चेहरा फुलला. ती उठणार, त्यांच्या पाया पडणार, तेवढ्यात मामाजींनी पुढचं सांगितलं. सगळं सांगितलं. पुनमच्या वेळचं, दोरी वळतानाचं, सकाळी कापलेल्या फळाचं. आडपडदा ठेवला नाही. शेवटी म्हणाले, "ते माह्या मनातून जात नाई. मनून यंदा पंडुम आधी करून राह्यलो."

आणि काठी वाजवत ते बाहेर गेले.

रंजीता तशीच बसली होती. मी तिच्याकडे बघत होते आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरत होतं. आधी मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय तिला. ती तशीच आहे, तिला सगळ्यांसाठी वाईट वाटतं. पण ते नव्हतं. मला ते चांगलं ओळखता येतं. गेले कित्येक दिवस माझ्याच तोंडावर होतं ते.

"म्हंजे हे माह्यासाठी नवतंच," ती म्हणाली.

तिने हातातला पट्टा सोडून दिला.

"मी समजली का मामाजीले माही माया आहे. मी आईले फोन करून सांगतली पन. मामाजी माह्यासाठी पंडुम आधी करून राह्यले मनून. अन् ते तुह्यासाठी होतं, बाई. इतके वर्ष तूच त्याहिच्या मनात." तिचा आवाज फाटला. "मले कोनी असं मनात धरून ठेवलं नाई."

मी लहानपणापासून रंजीताला हसताना पाहिलंय, रडताना पाहिलंय, भांडताना पाहिलंय. पण माझ्याकडे अशी बघताना तिला मी कधीच पाहिलं नव्हतं. खालून वर, ओठ आवळून, डोळे बारीक करून. मी तिच्यासमोर खाली बसले. पट्ट्याचं एक टोक हातात घेतलं.

"तुले खुशी होऊन राह्यली, नाई का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "लई."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून गुडघे टेकून तो पट्टा ओढला.